सरोजाक्कांनी राखलेली खुर्ची

जूनमधला दुसरा मंगळवार, सकाळी साडेअकरा. जागा: आमच्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा. विषय: मोडकं आणि जादा फर्निचर भंगारात काढणे.

हजर: भांडारपाल शिवण्णा, भंगारवाल्याची दोन माणसं आणि आस्थापना शाखेची प्रमुख म्हणून मी. गैरहजर: समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमचे उपसंचालक. ते फोनवर ‘सुरू करा’ एवढंच म्हणाले. बोलावणं नसताना हजर: सरोजाक्का, निवृत्त अधीक्षक. येलहंक्याहून दोन बस बदलून आलेल्या, हातात कापडी पिशवी.

कार्यालयाच्या इतिवृत्तात शेवटचं नाव घालता आलं नाही. समितीत नसलेलं माणूस आलं तर त्याची नोंद कुठं करायची, त्याला रकाना नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

आमचं खातं राज्यभर विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवतं. आमची शाखा वसतिगृहं चालवणाऱ्या माणसांचं बघते: वॉर्डन, स्वयंपाकी, कारकून, पहारेकरी. त्यांच्या नेमणुका, बदल्या, रजा, पेन्शन. त्यासाठी सरकारनं शाखेला आठ पदं मंजूर केली होती. मी बदलून आले तेव्हा खोलीत आठ टेबलं, आठ खुर्च्या आणि मला धरून चार माणसं होती.

मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. पहिल्याच दिवशी मी पहिल्या आठवड्याची यादी केली आणि अधीक्षकांना, म्हणजे सरोजाक्कांना, दाखवायला नेली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“हे काय, तीन नंबर? ‘रिकामी टेबलं हलवणे’?”

“चालायला जागा नाही, अक्का. सकाळपासून दोनदा गुडघा आपटला.”

“आपट. गुडघा बरा होतो. पद गेलं की परत येत नाही.”

त्यांनी तीन नंबरवर काट मारली आणि यादी परत दिली. त्या दिवसापासून मी ‘पट्टीवाली’ झाले. आमच्यासारख्या इथल्या जुन्या मराठी घरांत यादीला कन्नडसारखं पट्टीच म्हणतात. अक्कांचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कुठलं, हे कुणालाच सांगता येत नाही. कार्यालयाचं सगळं कामकाज कन्नडमध्ये. आम्ही दोघी मराठीत यायचो ती फक्त भांडायला. शब्द कुणाला कळायचे नाहीत, पण शिवण्णा आवाजावरून ओळखायचा आणि दारातूनच परत फिरायचा.

अक्का उंचीला कमी, चालायला जलद, आणि कामाला, मला तेव्हा वाटायचं, भयंकर संथ. सकाळी येऊन आधी रिकामी टेबलं पुसायच्या, मग स्वतःचं. प्रत्येक रिकाम्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती, पदाचं नाव लिहिलेली. प्रत्येक खुर्चीच्या बुडाला पांढऱ्या ऑइल पेंटनं शाखेचं आणि पदाचं नाव. ज्या टेबलाची फाइल त्याच टेबलावर राहायची, तिथं माणूस असो की नसो. मला पेन्शनची फाइल बघायची असेल तर उठून पेन्शनच्या टेबलापाशी जायचं, उभ्यानं टिपणी लिहायची आणि परत यायचं. बसायचं नाही. त्या स्वतः तेच करायच्या. अधीक्षक म्हणून आपल्या टेबलावर सही, मग वळसा घालून दुसरीकडे, अतिरिक्त कार्यभार असलेल्या पदाची सही, मग परत. मी वैतागून एकदा सगळ्या फाइली माझ्याकडे ओढून घेतल्या.

“आयतु,” अक्का म्हणाल्या. म्हणजे झालं, संपलं. “आता वरून कुणी आलं तर त्याला काय दिसेल?”

“सगळं काम एका जागी दिसेल.”

“एक बाई दिसेल. चार टेबलांचं काम करणारी एक बाई. मग तो म्हणेल, बाकीची टेबलं कशाला? उचल त्या फाइली.”

त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारी पद कागदावर मंजूर असलं तरी ते डोळ्यांसमोर राहिलं तरच टिकतं. माणूस निवृत्त होतो, पद रिकामं राहतं, उरलेली माणसं जमवून घेतात, आणि दोन वर्षांनी वरचे म्हणतात की चाललंय की. ‘जमवून घेणं’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. कुणी ‘जमवतो अक्का’ म्हटलं की त्या हात आडवा करायच्या. “बेडा. जमवू नकोस. राहू दे, पडू दे, दिसू दे.”

हे सगळं ऐकायला ठीक आहे. पण पेन्शनसाठी वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यासमोर बसून ‘पडू दे, दिसू दे’ म्हणणं मला जड जायचं. या एका गोष्टीवरून आमची आठवड्यातून एकदा तरी जुंपायची.

खुर्चीवरून त्यांनी एकदा तमाशाच केला होता. दुसऱ्या मजल्यावर सगळ्या जिल्ह्यांची आढावा बैठक होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शिवण्णानं आमच्या खोलीतल्या दोन नेल्या. अक्का रजेवर असायला हव्या होत्या, पण त्या अर्धीच रजा घेऊन दुपारी आल्या. खोलीत पाऊल टाकताच त्यांना दोन खड्डे दिसले. त्या तशाच खाली गेल्या. मी मागोमाग. एक खुर्ची दारापाशीच होती, तिच्यावर कुठल्यातरी जिल्ह्याचे अधिकारी बसलेले. चहाची वेळ होईपर्यंत अक्का दाराशी उभ्या राहिल्या. मग वाकून म्हणाल्या, “सर, बैठक संपली की ही खुर्ची लगेच द्या. रिक्त आहे.”

“रिक्त कशी? मी बसलोय ना.”

“तुम्ही बसलात, सर. तरी रिक्तच आहे.”

आजूबाजूचे हसले. साहेबही हसले, उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची उलटी करून बुडाचं नाव वाचलं आणि स्वतः उचलून जिना चढायला लागल्या. शिवण्णा मागून धावत होता. “द्या हो अक्का इकडे, लोक काय म्हणतील?” अक्का पायरीवर थांबून म्हणाल्या, “लोकांना सांग, एक पद वर चाललंय.”

दुसरा प्रसंग मी आजवर कुणाला सांगितला की समोरच्याला खोटा वाटतो. अक्कांकडे अधीक्षकपद होतंच, शिवाय पेन्शनच्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार होता. पेन्शनची काही प्रकरणं मुदतीत गेली नाहीत. कंप्युटरवरून आपोआप नोटीस निघाली: अधीक्षकांनी पेन्शन टेबलाकडून खुलासा घ्यावा. म्हणजे सरोजाक्कांनी सरोजाक्कांकडून. मी म्हटलं, “अक्का, बटण दाबून बंद करा. सगळे तेच करतात.”

“स्वल्प थांब,” म्हणाल्या. उठल्या, वळसा घालून पेन्शनच्या टेबलापाशी गेल्या आणि उभ्यानं खुलासा लिहिला: या टेबलाला स्वतंत्र कर्मचारी नसल्यानं विलंब झाला. मग परत आपल्या जागी येऊन तोच कागद पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वाचला, आणि खाली शेरा मारला: खुलासा समाधानकारक नाही.

“अक्का! स्वतःचाच खुलासा फेटाळला?”

“मग काय करू? त्या बाईचं काम खरंच राहिलंय. आणि तिला माणूस पाहिजे, असं मी वर लिहितेय.”

वरून उत्तर आलं ते माणसाबद्दल नव्हतं. संबंधित कर्मचाऱ्यास समज द्यावी, असं होतं. अक्का पुन्हा वळसा घालून त्या टेबलापाशी गेल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

“दिली समज. ऐकत नाही ती बाई.”

आम्ही पोट धरून हसलो. मंजुनाथ सगळ्यांत जास्त हसला.

मंजुनाथ हा आमच्यातला चौथा. खिडकीजवळचं टेबल त्याचं. द्वितीय दर्जाचा सहायक, बदल्यांचं काम बघायचा. त्याचं हसणं इतकं मोठं होतं की खालच्या मजल्यावरून फोन यायचा. मी अक्कांशी भांडून बसले की तो गंभीर चेहरा करून माझ्या यादीत एक ओळ घालायचा: ‘अक्कांचं ऐकणे, मुदत: कायम.’ जानेवारीतल्या एका सकाळी तो कामाला आला नाही. घरीच छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. मागे बायको भाग्या आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

सरकारी नोकर सेवेत असताना गेला तर घरातल्या एकाला अनुकंपा नेमणूक मिळू शकते. पण त्यासाठी मंजूर आणि रिक्त पद लागतं. आमच्या शाखेत असं पद असलं तर नेमणूक आमच्याकडेच होऊ शकत होती. नसलं तर अर्ज जिल्ह्याच्या सर्वसाधारण प्रतीक्षेत जातो आणि ती रांग पुढं सरकताना मी पाहिलेली नाही. भाग्या पीयूसी झालेली होती, म्हणजे बारावी. तेव्हापासून अक्कांच्या दृष्टीनं आठ टेबलांमधलं एकच टेबल महत्त्वाचं झालं. मंजुनाथची खुर्ची शाबूत राहिली तर भाग्याला नोकरी. एवढाच प्रश्न.

भाग्या चिकपेटेत साड्यांच्या एका घाऊक दुकानात लागली होती. दिवसभर गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडायच्या आणि परत घडी घालायच्या. दुकानातून जेवणाची सुट्टी घेऊन, मेट्रोनं, ती आठवड्यातून दोनदा आमच्याकडे यायची. अक्का तिला कन्नड टायपिंग शिकवायच्या. फाइल विस्कटलेली दिसली की भाग्या बोलता बोलता कागद साडीसारखे काठाला काठ लावून सारखे करायची. पहिल्या दिवशी ती सवयीनं, नवऱ्याची जागा म्हणून, खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली.

“तिथं नको,” अक्का म्हणाल्या. “ऑर्डर आल्यावर बस.”

ती बाकावर जाऊन बसली. मला अक्कांचा राग आला. त्या पोरीच्या तोंडावर तरी हा हट्ट नको होता.

फाइल निघाली आणि फिरायला लागली. आधी आक्षेप आला की भाग्या ही मयताची पत्नीच असल्याचा दाखला जोडावा. मग, तिनं दुसरं लग्न केलं नसल्याचा. मग, टायपिंगची परीक्षा. ती पास होऊन दाखला गेला, तर वरच्या टेबलावरचे अधिकारी बदलले आणि नव्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मग आक्षेप आला की पद खरोखर रिक्त असल्याबाबत प्रत्यक्ष खात्री करावी. खात्री करायला माणूस आला. अक्कांनी त्याला खुर्ची दाखवली, उलटी करून बुड दाखवलं. त्यानं फोटो काढला. मला वाटलं, आता होईल.

मधेच एक सोपी वाट निघाली होती. वरून सुचवलं गेलं की कंत्राटदारामार्फत, आउटसोर्स म्हणून, भाग्याला त्याच खुर्चीवर लगेच घेता येईल. पगार दुकानापेक्षा बरा. मी तिला फोन करायला निघाले होते. अक्कांनी अडवलं.

“कंत्राटी माणूस बसलं की काम सुरू झालं. काम सुरू झालं की पद भरायची घाई कुणाला?”

“अक्का, तिच्या मुलींच्या फिया आहेत. तुमचं तत्त्व तिला परवडत नाही.”

“आज मिळेल ते उद्या काढून घेतील. कंत्राट संपलं की कुणाकडे जाशील? तिला पक्की नोकरी पाहिजे. मंजुनाथची होती तशी.”

“तिला विचारा तरी.”

विचारलं. भाग्या दोघींकडे बघत म्हणाली, “अक्का म्हणतात तसं.” ती दुसरं काय म्हणणार होती? आम्ही दोघी मोठ्यानं बोलत होतो आणि शिवण्णा दारातून परत गेला होता. मला अजूनही वाटतं की तेव्हा ते घ्यायला हवं होतं. अक्कांना मी ते तोंडावर सांगितलं होतं आणि त्यांनी माझ्याशी चार दिवस कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं.

मग बदल्यांचा हंगाम आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, वसतिगृहं उघडायच्या आधी, सगळ्या बदल्यांचे आदेश निघावे लागतात. नेमकी तेव्हाच आमच्यातल्या एकाला कुठल्याशा सर्वेक्षणाच्या कामावर उचललं. मंजुनाथच्या टेबलावर फाइलींचा ढीग छातीपर्यंत. खोलीत अक्का आणि मी. व्हरांड्यात राज्याच्या सगळ्या टोकांवरून आलेले लोक. स्वयंपाकिणी लेकरं घेऊन आलेल्या. जिन्यावर पंचे पसरून झोपलेले पहारेकरी. अक्कांच्या नियमाप्रमाणे उत्तर ठरलेलं होतं: कर्मचारी नाहीत, आदेश निघणार नाहीत, ढीग दिसू दे.

त्यांत बिदरकडची एक स्वयंपाकीण होती. नवऱ्याचं डायलिसिस इथं बेंगळुरात, तिची नोकरी तिकडे. ती दुसऱ्यांदा आली होती. दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसून फक्त आत बघायची. आत म्हणजे नेमकी मंजुनाथच्या टेबलाकडे, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की तुझी फाइल त्या टेबलावर आहे. ती बिचारी त्या रिकाम्या खुर्चीवर कुणी येऊन बसायची वाट बघत होती.

अक्कांनी ते दिवसभर पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या टेबलावरचं सगळं खाली उतरवलं होतं आणि मंजुनाथच्या फाइली उचलून तिथं आणत होत्या.

“अक्का? टेबलं?”

“सोड टेबलं. तुझी पट्टी काढ. जिल्हावार कर, भराभर.”

मी नोकरीत बरीच कामसू माणसं पाहिली आहेत. असं काम पाहिलेलं नाही. त्या संथ नव्हत्याच. इतकी वर्षं त्या मुद्दाम हळू काम करत होत्या, हे मला तेव्हा कळलं. एकेका माणसाला आत बोलवायचं, दोन प्रश्न विचारायचे, रिकाम्या जागांची माहिती तोंडपाठ, टिपणी सांगायची, मी टाइप करायचं, पुढचा. कुणी ओळखीची चिठ्ठी पुढं केली तर ती वाचून अक्का त्याच चिठ्ठीच्या पाठीवर कच्चं काम करायच्या. वसतिगृहं उघडायच्या आधी सगळे आदेश निघाले. एकही चूक नाही, एकही तक्रार नाही. बिदरची बाई आदेश घेऊन गेली तेव्हा तिनं खाली वाकून जमिनीला हात लावला आणि अक्का तिच्यावर खेकसल्या, “ऊठ, गाडी चुकेल.”

महिन्याभरानं आढावा बैठकीत अक्कांना प्रशस्तिपत्र मिळालं. अत्यल्प मनुष्यबळात उत्कृष्ट कामगिरी. टाळ्या झाल्या. अक्कांनी ते दोन्ही हातांत धरलं होतं, पण त्यांचा चेहरा नोटीस हातात पडल्यासारखा होता. जिना चढताना मला म्हणाल्या, “संपलं गं.”

“काय संपलं? अभिनंदन झालं.”

“अत्यल्प मनुष्यबळ. वाचलंस ना?”

मी म्हटलं, तुम्ही उगाच घाबरता. त्या उगाच घाबरत नव्हत्या. कार्यालयांतल्या पदांची फेरतपासणी करायला बाहेरून माणसं आली. सभ्य होती. चहा घेतला, आकडे घेतले आणि प्रशस्तिपत्राची प्रत घेतली. अहवालात आमच्या शाखेबद्दल मोठं कौतुक होतं. कौतुकाच्याच ओघात पुढचं वाक्य होतं: उपलब्ध कर्मचाऱ्यांमध्ये काम समाधानकारकरीत्या होत असल्यानं उर्वरित पदं जादा ठरतात. ती पदं महादेवपुऱ्यात निघालेल्या नव्या कार्यालयाला दिली. तिकडे वस्ती वाढली आहे, हे खरंच. तिथं ती पदं कंत्राटी माणसांनी भरली, हेही खरं. भाग्याची फाइल एका शेऱ्यानिशी परत आली: पद उपलब्ध नाही, अर्ज जिल्ह्याच्या प्रतीक्षेत वर्ग करावा.

इतकी वर्षं ज्यांनी जमवून घेतलं नाही, त्यांनी एकदाच जमवून घेतलं. आणि तेच मोजलं गेलं.

अक्का त्यानंतर कमी बोलायला लागल्या. टेबलं पुसायच्या, पण वळसे घालायच्या नाहीत. भाग्याला त्यांनीच सांगितलं. मी खोलीबाहेर उभी होते. आतून रडण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं टाइपरायटिंगचा, म्हणजे कीबोर्डचा, आवाज आला. अक्का तिला म्हणत होत्या, “बोटांची सवय मोडू देऊ नकोस. सराव चालू ठेव.”

मार्चअखेर त्या निवृत्त झाल्या. हार, भाषण, म्हैसूरपाक. संध्याकाळी कार्यभार माझ्याकडे द्यायचा होता. कागदावर सही केली, किल्ल्या दिल्या आणि म्हणाल्या, “घे. आठ टेबलं.”

“तीन, अक्का.”

“तू तीन घे. मी आठ दिली.”

एप्रिलमध्ये मी एक पद परत मागण्याचा प्रस्ताव पाठवला. भाग्याचं प्रकरण त्याच्याशी जोडलं. मला अशी प्रकरणं मांडता येतात; मुद्दे, जोडपत्रं, सगळं व्यवस्थित. मे महिन्यात वित्त विभागाकडून तो एका ओळीच्या प्रश्नासह परत आला: सदर पद रिक्त असताना संबंधित काम आजवर कसे पार पाडण्यात आले?

या प्रश्नाचं खरं उत्तर ‘सरोजाक्कांनी केलं’ हे आहे. ते लिहिलं की पदाची गरज नाही हे सिद्ध होतं. दुसरं काही लिहायचं तर ते खोटं आहे आणि प्रशस्तिपत्राची प्रत त्यांच्याकडेच आहे.

तर, तो मंगळवार. जादा ठरलेल्या पदांच्या खुर्च्या व्हरांड्यात रांगेनं काढल्या होत्या, प्रत्येकीवर खडूची फुली. अक्कांना कुणी कळवलं, हे मी शिवण्णाला विचारलं नाही. तो भिंतीकडे बघत होता. अक्का रांगेतून फिरल्या आणि मंजुनाथची खुर्ची न उलटता ओळखली. मला वाटलं, आता भांडतील. मी मनात उत्तरं जुळवली. आणि त्या तिच्यावर बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन, सावकाश, गुडघे चोळत.

मी त्यांना कुठल्याही रिकाम्या खुर्चीवर बसलेलं त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं.

“अक्का, तुम्ही इथं…”

“पदच नाही गं आता. बसलं तर काय होतं?” मग म्हणाल्या, “वित्तला उत्तर दिलंस?”

“नाही.”

“काय लिहिणारेस?”

“विचार करते आहे.”

“विचार कसला? लिही, काम झालं नाही. लिही, त्या हंगामात आदेश चुकले, लोकांना हेलपाटे पडले, पद रिकामं असल्यामुळे अधीक्षकांनी घोळ घातला. माझं नाव घाल.”

भंगारवाल्याची माणसं विडीसाठी खाली गेली होती. शिवण्णा खडू हातात घेऊन उभा होता.

“अक्का, त्यातला एकही आदेश चुकला नव्हता.”

“मला माहीत आहे. तुला माहीत आहे. तिसऱ्याला कशाला माहीत पाहिजे?”

“प्रशस्तिपत्र आहे त्यांच्याकडे.”

“दिलं होतं ते चुकून दिलं म्हणावं. सरकार चुकत नाही का?”

“आणि तुमची पेन्शन? चौकशी लावली तर?”

“पेन्शनचं मला शिकवू नकोस, पट्टीवाली. त्या टेबलावर मीच होते. चौकशी लागली तर खुलासा देईन.” मांडीवरची पिशवी सारखी करत म्हणाल्या, “समाधानकारक नसेल. नसू दे.”

या वेळी मी हसले नाही. त्यांनी पिशवीतून भाग्याच्या टायपिंगच्या नव्या परीक्षेचा निकाल काढून दिला. वरच्या श्रेणीत पास. “हे जोड,” म्हणाल्या. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या, पदरानं बैठकीवरचा खडू झटकला, तो त्यांच्याच साडीला मागं लागला होता, आणि जिन्याकडे गेल्या. वळणावर दिसल्या तेव्हा कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. साडीवरची अर्धी फुली तशीच होती. मी हाक मारून सांगणार होते, पण तोवर त्या खालच्या मजल्यावर पोचल्या होत्या.

“मॅडम, ही न्यायची?” शिवण्णानं विचारलं.

“ठेवा.”

“नोंद काय करू?”

“निर्णय बाकी, असं लिहा.”

खुर्ची आत आणली आहे. खिडकीजवळच ठेवली आहे. आज पुन्हा माझा गुडघा तिला आपटला. भाग्याचा निकाल फाइलीला जोडला आहे. वित्त विभागाचा प्रश्न वर उतरवून घेतला आहे आणि त्याखाली ‘उत्तर’ एवढा शब्द लिहिला आहे. आजच्या यादीत हे पहिल्या क्रमांकावर होतं. उद्याच्या यादीतही पहिल्या क्रमांकावर घेतलं आहे.